कोट न काढणारा भाडेकरू

कापूस फुटला की मला एक कासव आठवतं. हे मी एकदा शाळेच्या स्टाफरूममध्ये सहज बोलून गेले, तर आमच्या गणिताच्या सरांनी चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं. त्यांचंही बरोबर आहे. कापसावरून कुणाला जिनिंग आठवेल, कुणाला बोंडअळी आठवेल. कासव कुणाला आठवत नाही. पण यंदाही कापूस वेचणीसाठी आईचा फोन आला, "पऱ्हाटी पांढरीफेक झाली व, येतं का रविवारी?" आणि मी कारंज्याच्या स्टँडवर मानोऱ्याच्या एसटीत खिडकीची जागा धरून बसले. बोंडाच्या वाळक्या टोकाचं ते बारीक टोचणं बोटांना आपोआप जाणवायला लागलं, आणि त्यापाठोपाठ ते कासव आलं, चष्मा लावलेली बकरी आली आणि ती बंद पेटीही आली. अडतिशीतल्या बाईनं एसटीत एकटीनं हसत बसू नये म्हणतात. मी बसले.

त्या वर्षी मी बारावीला होते. शिकायला कारंज्याला, मावशीकडे, आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी. बारावी सायन्सची मुलगी म्हणजे गावात तेव्हा मोठंच प्रस्थ. येणारी-जाणारी बाई माझ्याकडे पाहून "डॉक्टरीन होते काय मंग?" असं विचारायची आणि मी गंभीर चेहरा करून मान हलवायची. ही गंभीर मुलगी रविवारी दुपारी दार लोटून घेऊन टीव्हीवर कार्टून बघते, हे फक्त माझ्या आईला ठाऊक होतं. कुठल्या तरी परदेशातलं ते कार्टून, हिंदीत बोलणारं. दर रविवारी दुपारी नवा भाग, आणि तोच भाग पुढच्या रविवारी सकाळी परत. हे वेळापत्रक मला आवर्तसारणीपेक्षा चांगलं पाठ होतं.

वेचणी मात्र चुकायची नाही. सुट्टी असो की परीक्षा, कापूस थांबत नाही. सकाळी दवानं बोंडं ओली असतात, म्हणून ऊन चढेपर्यंत वाट पाहायची, मग कंबरेला फडकं बांधून एकेका बाईनं एकेक ओळ धरायची. दहा बाया, दहा ओळी. दोन्ही हात चालतात, पाठ वाकलेली असते आणि तोंड मोकळं असतं. मोकळं तोंड म्हणजे भांडणाला आमंत्रण, असं माझी आई म्हणायची. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. जिला गोष्ट सांगता येते, तिला मधली ओळ द्यायची. आवाज दोन्ही बाजूंना पोचतो. पुढं पळणारीला गोष्ट ऐकू येत नाही म्हणून ती हात आवरते, मागं राहणारी गोष्टीसाठी धावते, आणि सगळा फड एका रेषेत पुढं सरकतो. सांगणारीचा हात मागं पडतो हे खरं, पण तिच्या डाव्या-उजव्या बाया तिची ओळ थोडीथोडी वेचून देतात. मला आज वाटतं, गोष्ट सांगणाऱ्याची इतकी चोख व्यवस्था मी पुढं कुठल्या साहित्य संमेलनातही पाहिली नाही.

मधली ओळ वर्षानुवर्षं धुरपाबाईची होती. धुरपाबाई आमच्या गल्लीतली, साठी उलटलेली, बोलायला लागली की बैलसुद्धा कान टवकारतील अशी. पण त्या वर्षी तिच्या पोतडीतल्या गोष्टी सगळ्यांना पाठ झाल्या होत्या. राजाला राणी कशी भेटते ते बाया तिच्या आधीच सांगायला लागल्या. सोमवारी सकाळी तिनं सरळ फडकं झटकलं आणि मला म्हणाली, "आता तू धर मधली ओळ. इतकी शिकून राह्यली, एक गोष्ट नाई येत का तुले?"

मला एकच गोष्ट ताजी आठवत होती. आदल्या दिवशीचं कार्टून.

ते काही साधंसुधं कार्टून नव्हतं. कुठल्या तरी भीतिदायक सिनेमाची ती थट्टा आहे, एवढं मला संगीतावरून कळलं होतं. गावाबाहेर एक घर. घरमालकीण बकरी, नाकावर चष्मा. नवरा बोकड, तो सदा झोपलेला. पावसात एक भाडेकरू येतो, तो म्हणजे कासव. पाठीवरचं कवच म्हणजेच त्याचा कोट, समोरून दोन बटणं. त्याच्यासोबत एक भलीमोठी पेटी, आणि पेटीतून सारखं टक टक टक. कासवाला जिना चढायला इतका वेळ लागतो, की तोवर बकरीचा स्वयंपाक होतो, जेवण होतं, एक आख्खा स्वेटर विणून होतो. पेटीजवळ गेलं की तिच्या डोक्यावर वरून कढई पडते. कासवाची चोरून आणलेली चिठ्ठी ती वाचायला घेते आणि घाबरून सवयीनं खाऊन टाकते. मी उशीत तोंड खुपसून हसत होते. शेवटी बकरी पेटीच्या कडीला हात घालते, कडी वाजते, झाकण बोटभर उचललं जातं, आणि आमच्या गावची लाईन जाते. लोडशेडिंग. पडदा काळा, त्यात माझाच चेहरा.

तर ही गोष्ट मी सांगायची होती. पण बारावी सायन्सच्या मुलीनं दहा बायांसमोर "एक बकरी होती" असं म्हणायचं तरी कसं? माझ्या तोंडून आलं, "एक बाई असते. तिचं घर गावाच्या बाहेर असते." एकदा बाई म्हटलं ते म्हटलंच. मग भाडेकरू माणूस झाला, आणि तिथून पुढं जे झालं त्यावर माझा काही ताबा राहिला नाही.

"तो माणूस कोट काढतच नाही," मी म्हणाले. हसू येईल म्हणून म्हणाले होते. हसलं कुणी नाही. उजवीकडच्या ओळीतून आवाज आला, "जेवतानाबी नाई?" मी म्हणाले, नाही. "झोपतानाबी?" नाही. सगळ्यांचे हात क्षणभर थांबले. "त्याच्या कोटात काईतरी हाये," धुरपाबाई हळूच म्हणाली, "रगत लागेल असंल."

मग जिना आला. तो किती सावकाश चढतो ते मी पायानं ढेकळावर ठोकून दाखवलं. एक पायरी. थांबला. दुसरी पायरी. थांबला. खाली बाई एकटी, नवरा झोपलेला. भर उन्हात माझ्याच अंगावर काटा आला. कढईची गोष्ट सांगितली तर एकजण कळवळून म्हणाली, "त्यानंच बांधून ठेवली असंल वरतं." आणि बाईनं चिठ्ठी खाल्ली, हे जेव्हा मी सांगितलं, तेव्हा तर कमाल झाली. धुरपाबाई कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. "शाब्बास. त्याच्या हाती लागू नाई म्हून गिळली. याले म्हनते हिंमत."

त्या दिवशी सूर्य कलायच्या आधीच एकेकीच्या सात ओळी वेचून झाल्या होत्या. आईनं कापसाच्या ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फक्त इतकंच विचारलं, "उद्या अजून हाये का ते?"

पुढं दोन-तीन वर्षांनी, अमरावतीच्या हॉस्टेलवर, मी तो मूळ सिनेमा पाहिला. तीच मालकीण, तोच भाडेकरू, तीच पेटी, पण सगळी माणसं आणि सगळं काळंपांढरं. खोलीतल्या पाच मुली चादरीत दडून बसल्या होत्या आणि मी जिन्याच्या दृश्याला पोट धरून हसत होते. त्यांना मी वेडी वाटले. मलाही त्यांना काय सांगावं कळेना. आम्ही नक्कल आधी पाहिली, अस्सल नंतर. पण खरी गंमत त्याहून मोठी होती. मी त्या थट्टेतलं जनावर काढून टाकलं, वरून बायांनी आपली भीती घातली, आणि थट्टेच्या आत दडलेला मूळ सिनेमा, आमच्यातल्या कुणीच न पाहिलेला, आमच्या पऱ्हाटीत जसाच्या तसा उगवला. या विचारानं मला अजूनही एखादं गणित सुटल्यासारखा आनंद होतो.

आता ललिताबद्दल. ती तांड्यावरून यायची, माझ्याच वयाची, आणि माझ्या डाव्या बाजूची ओळ कायम तिचीच. माझी अर्धी ओळ तीच वेचायची. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. त्यानंतर तिची शाळा सुटली, पण बोलणं सुटलं नाही. हात इतका चपळ, की बोंडाच्या पाकळ्यांतून कापूस कधी सुटला ते दिसायचंच नाही. ती प्रश्न विचारायची नाही, नुसती ऐकायची. मी गोष्ट रोज थोडीथोडी ताणत होते, आणि गुरुवारी दुपारी भाकरी खाताना ती पहिल्यांदा तिच्याबद्दल बोलली.

"कधी संपते हे?"

"काहून? कंटाळली का?"

"नाई. रविवारी दुपारी टरक येऊन राह्यला. म्या पन जातो या साली. दादा-वहिनीसंगं. ऊस तोडाले."

तांड्यावरची माणसं दर वर्षी दिवाळीनंतर जायची, हे मला माहीतच होतं. बाभळीखाली भांडी, कोंबड्या, लेकरं, सगळं घेऊन माणसं ट्रकची वाट पाहताना मी लहानपणापासून बघितली होती. पण ललिता त्यात कधी नव्हती. ती आजीजवळ राहायची. आजी उन्हाळ्यात गेली होती. "पाच मयने," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसली. "म्या कधी मानोऱ्याच्या पुढं गेली नाई. पोहरादेवीच्या जत्रेले गेली तेवढीच. मले हे पुरं आयकून जाऊ दे. नाईतर तथी माह्या डोक्यात ते टकटकच राह्यल."

मला कबूल करावंच लागलं. "शेवट मलेच माहीत नाही. लाईन गेली होती."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की कढई माझ्याच डोक्यावर पडल्यासारखी वाटली. मग मी घाईनं सांगितलं, रविवारी सकाळी तोच भाग परत लागतो, दहा वाजता, आणि ट्रक तर दुपारी आहे. ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या फडात पसरली. शनिवारी गोष्ट नव्हतीच, नुसते अंदाज होते. पेटीत काय आहे? धुरपाबाईच्या मते त्याची पहिली बायको, तुकडे करून. आणखी एकीच्या मते सापाचं जोडपं. आई, जी कधी गोष्टीत पडायची नाही, ती पाण्याची घागर उतरवता उतरवता म्हणाली, "रिकामी असंल. लोकं रिकाम्या पेटीलेच जास्त भेतात." ललिता म्हणाली, "टकटक करून राह्यलं म्हंजे जितं हाये. कोनीतरी आत कोंडेल हाये. ते बाहेर निंगालं पाह्यजे, बस."

आणि मी? माझी झोप उडाली होती. उद्या सगळ्या जणी टीव्हीसमोर बसणार, आणि पडद्यावर येणार बकरी. आठवडाभर ज्या बाईसाठी त्यांनी सुस्कारे टाकले तिला शिंगं आहेत, हे त्यांना कळणार. ललिताला आधीच सांगून टाकावं म्हणून मी तिच्यासोबत तांड्याच्या वाटेवर निम्म्यापर्यंत गेले. पण ती इतकी आनंदात होती की मी हवापाण्यावर बोलून परत आले.

रविवारी नऊ वाजल्यापासूनच आमच्या ओसरीत चपला जमायला लागल्या. बाया नटून आल्या होत्या. दिवाळीचं लुगडं, केसाला तेल. कुणी शेव-चिवडा आणला होता. ललिता ट्रकच्या तयारीतच आली होती, डोक्याला रुमाल, पायात नवी चप्पल. ती अगदी पुढं जाऊन बसली. त्या आठवड्यात लाईन दुपारी बाराला जायची, म्हणजे ती भीती नव्हती. दहा वाजले. संगीत सुरू झालं. आणि पावसातल्या त्या घराच्या दारात, नाकावर चष्मा लावून, बकरी उभी राहिली.

मी भिंतीला टेकून जमिनीकडे पाहत होते.

"हे बकरी कोनाची?" धुरपाबाईनं विचारलं.

"तीच," मी म्हणाले. "ती बाई."

"कोनती बाई?"

"गोष्टीतली."

तेवढ्यात पावसातून कासव आलं. हातात पेटी, छातीवर दोन बटणं. धुरपाबाईनं मान पुढं काढून त्याला नीट न्याहाळलं, आणि कोडं सुटल्याच्या समाधानानं म्हणाली, "म्हून कोट नोता काढत मेला."

झालं. तेवढ्यावर विषय संपला. बकरी तर बकरी. आठ दिवस जी बाई त्यांच्या मनात राहत होती तिचा फक्त चेहरा त्यांना आज कळला होता, बाकी सगळं ओळखीचंच होतं. कासव जिना चढायला लागलं आणि कुणीही हसलं नाही. स्वेटर विणून झाला तरी कुणी हसलं नाही. कढई पडली तेव्हा चार-पाच जणींनी आपापलं डोकं धरलं. परदेशात कुठं तरी बसून ज्यांनी इतक्या खटपटीनं हे विनोद रचले असतील, त्यांनी त्या दिवशी आमच्या ओसरीत डोकावायला हवं होतं. मला हसू आणि रडू दोन्ही एकदम येत होतं.

बकरी पेटीकडे निघाली आणि जाहिराती लागल्या. त्याच वेळी फाट्यावरून हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक. ऊसतोडीच्या मुकादमानं ट्रक लवकर आणला होता. पाचच मिनिटांत ललिताचा भाऊ दारात. "चाल व, गाडी उभी हाये. सगळे चढले."

ललितानं मागं वळूनही पाहिलं नाही. नुसता हात वर केला, थांब म्हणून. तो आत येणार तेवढ्यात आई उठली. "बस बापू, चहा टाकला." नको म्हणणं आमच्याकडे चालत नाही. पाच महिन्यांसाठी निघालेल्या माणसाला बिनचहाचं जाऊ देणं म्हणजे तर बोलायलाच नको. तिनं बशीही दिली नाही, काठोकाठ भरलेला पेला दिला, धरता येऊ नये इतका गरम. तो पेला या हातातून त्या हातात करत उंबऱ्यावर टेकला. हॉर्न वाजतच होता. जाहिराती संपल्या. दोन मिनिटांनी तो माझ्या कानाशी येऊन हळूच विचारता झाला, "त्या पेटीत काय हाये?"

कडी वाजली. झाकण बोटभर उचललं गेलं. लाईन होती. झाकण पूर्ण उघडलं.

पेटीत घड्याळं होती. गजराची शंभर घड्याळं. कासव बिचारं घड्याळं विकणारं, स्वतः कधीच वेळेवर न पोचणारं. सगळी घड्याळं एकदम किंचाळली, बोकड दचकून उठला आणि खिडकीबाहेर पडला, आणि नावं वर सरकायला लागली.

"घड्याळं?" धुरपाबाई म्हणाली. "आठ दिवस माह्या जिवाले घोर लावला, अन् घड्याळं?" आणि मग ती हसली. तिच्यामागून सगळी ओसरी हसली, पोट धरून, एकमेकींच्या अंगावर पडून, लुगड्याच्या पदरानं डोळे पुसत. आठवडाभराचं साचलेलं हसू एकदम सुटलं. ललिताचा भाऊ चहा सांडेपर्यंत हसला. एकटी ललिता हसली नाही. ती अजून पडद्याकडेच पाहत होती, नावं संपली तरी.

ट्रकपर्यंत मी तिच्याबरोबर गेले. भाऊ पुढं पळाला होता.

"बकरी हाये हे काहून नाई सांगतलं?" तिनं विचारलं.

"लाज वाटली."

"मले मालूम होतं, मानूस नाई ते. मानूस इतकं भेऊन पन पेटीजवळ नाई जात." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "पन घड्याळं नको होती."

ट्रकच्या मागच्या बाजूला माणसं दाटीनं बसली होती. पत्र्याच्या पेट्या, चुलीची भांडी, दोन शेळ्या. वहिनीनं हात दिला. ललितानं चाकावर पाय ठेवला आणि तशीच थांबली.

"म्या तथी तुही गोष्ट सांगन," ती म्हणाली. "टीव्हीवरची नाई. तुही. त्यात बाई हाये, तो कोटवाला हाये. अन् पेटीत जितं हाये."

मी म्हणाले, "अगं, पण माझ्या गोष्टीला शेवटच नाही."

ती वर चढली, शेळ्यांना सरकवून जागा केली, आणि फळकुटाला धरून खाली माझ्याकडे पाहत, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा, मोकळं हसली.

"नसू दे ना. पाच मयने हायेत माह्यापाशी."